यादीत पहिले नाव कोणाचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणकप्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. त्या दिवशी सकाळी पक्षाच्या आणि मित्रसंघटनांच्या कचेऱ्यांतील संगणक आदल्या दिवसाइतकेच धडधाकट होते. एकाही सुट्या भागात बिघाड झालेला नव्हता. तरीही त्यांतले अनेक कालबाह्य ठरले. कारण पुढची प्रणाली, म्हणजे विंडोज ११, स्वीकारावयाची तर यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था हवी आणि प्रोसेसर कंपनीने मान्य केलेल्या यादीतलाच हवा, अशी अट तिने २०२१ सालीच घालून ठेवली होती. गिरणीमालक चालू माग मोडीत काढतो तेव्हा निदान त्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या वहीत पडतो. येथे मोडीचा हुकूम एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा! घरगुती ग्राहकांना कंपनीने आणखी एका वर्षाची मुदत देऊ केली खरी. पण सावकारही मुदत वाढवून देतोच.

या प्रसंगी चळवळीतून जी उत्तरे ऐकू आली ती चिंता वाटावी अशी आहेत. काहींनी नव्या यंत्रांसाठी निधी गोळा करण्याची सूचना केली. काहींनी हा प्रश्न तांत्रिक आहे, तो तरुण पोरे पाहतील, असे म्हणून अंग काढून घेतले. पुष्कळांचे म्हणणे असे की, कचेरीतली प्रणाली तरी कोठे विकत घेतलेली आहे? ती कोणाकडून तरी उतरवून घेतलेली, फुकटची. तेव्हा मक्तेदारीला जो टोला द्यावयाचा तो देऊन झालेलाच आहे. आणि एक छोटा पण आवाजी गट असा की, ज्याला सर्व यंत्रे एका रात्रीत पुसून त्यांवर लिनक्स बसवावयाची आहे. विंडोजशेजारी लिनक्स बसवून दोन्ही वापरण्याचा जो मधला मार्ग आहे, तो या गटाला संधिसाधूपणा वाटतो.

समाजवादी चळवळीला या प्रश्नाचा इतिहास नव्याने शिकविण्याची गरज पडावी हेच मुळात आश्चर्य आहे. १९७७ साली जनता सरकारात उद्योगखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपले भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावे, हा आग्रह तेव्हा खऱ्या अर्थाने धरला गेला. कोका-कोला गेली हे सर्वांच्या स्मरणात आहे, कारण बाटली सर्वांनी पाहिलेली होती. आयबीएम १९७८ साली गेली, हे मात्र कार्यकर्ते विसरले. ही कंपनी अन्य देशांत जुनी झालेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून भारतात भाड्याने देत असे. यंत्र ग्राहकाच्या खोलीत, पण मालकी कंपनीची, दुरुस्ती कंपनीची, यंत्राच्या पोटात काय चालते हे जाणण्याचा अधिकारही कंपनीचाच. कंपनी गेली की देशातील संगणक बंद पडतील, अशी हाकाटी त्या वेळी झाली. ते बंद पडले नाहीत. १९७५ साली स्थापन झालेल्या काँप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक उपक्रमाने त्यांची देखभाल अंगावर घेतली, त्या कामातून माणसे तयार झाली, आणि १९८६ पर्यंत याच उपक्रमाने दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण उभे करून दाखविले.

या घटनेचा अर्थ नीट लावावयास हवा. कंपनी गेली एवढ्याने स्वावलंबन आले नाही. ती गेल्यावर यंत्र उघडणारे, समजून घेणारे आणि चालविणारे हात देशात निर्माण झाले, म्हणून ते आले. पुढे २००१ साली सरकारने हा उपक्रम टाटा समूहाला विकला. ज्या रालोआ राजवटीत ही विक्री झाली तिच्या मंत्रिमंडळात फर्नांडिस यांनीही पदे भूषविली, या विषयावर समाजवादी मंडळी फारशी बोलत नाहीत. असो.

आता फुकटच्या प्रतीविषयी. उतरवून घेतलेली विंडोज म्हणजे मक्तेदारीवरचा दरोडा, ही समजूत कंपनीच्या संस्थापकाला कधीच नव्हती. १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांसमोर बोलताना बिल गेट्स यांनी चीनमधील अशा प्रतींबद्दल सांगितले ते थोडक्यात असे की, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे; त्यांना सवय लागेल, आणि वसुली कशी करावयाची ते पुढच्या दशकात पाहता येईल. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याहून स्वच्छ विवेचन सहसा सापडत नाही. संगणकप्रणालीची एक जादा प्रत काढण्याचा खर्च जवळपास शून्य असतो. म्हणजे न भरलेल्या पैशात कंपनीचे जे बुडते ते नगण्य, आणि लागलेल्या सवयीत जे मिळते ते अपार. कार्यकर्ता त्याच प्रणालीवर टंकन शिकतो, त्याच साच्यात फायली साठवतो, आणि उद्या नगरपालिकेत निवडून गेल्यावर नगरपालिकेसाठीही तीच मागतो. तेथे मात्र पैसे भरावे लागतात, आणि ते करदात्याचे असतात. चोरीच्या प्रतीने मक्तेदारी मोडत नाही. तिचा विनावेतन प्रचारक तयार होतो.

पैसे भरून घेतलेली प्रत तरी आपली असते काय? २०२५ च्या जुलैत याचे उत्तर गुजरातेतील वाडीनार येथे मिळाले. नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीत रशियन रोझनेफ्टची सुमारे ४९ टक्के भागीदारी आहे. युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध जाहीर करताच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा खंडित केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, तेव्हा काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. नायरा ही काही कामगारांची मैत्रीण नव्हे. तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु ज्या कंपनीजवळ वकिलांची फौज आहे, तिचा टपालव्यवहार ब्रसेल्समधील निर्णयावरून भारतात थांबू शकतो, तर जिल्हा कचेरीतील सभासदयादीची कथा काय?

तेव्हा लिनक्स बसविली पाहिजे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला. या दोहोंतून उभी राहिलेली ही प्रणाली कोणालाही वापरता येते, उघडून पाहता येते, बदलता येते, वाटता येते, आणि बदल करून वाटणाऱ्याने हेच हक्क पुढच्याला द्यावेत, असे तिच्या गाभ्याचा परवानाच सांगतो. इथवर चळवळीत फारसा मतभेद नसावा. मतभेद आहे तो पद्धतीचा. आणि येथे आवाजी गटाचे म्हणणे चुकीचे आहे.

ते चुकीचे का, हे समजण्यासाठी कचेरीतील कपाटाकडे पाहावे लागेल. मराठी नियतकालिकांचे जुळणीकाम १९९० नंतर संगणकावर आले तेव्हा युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता. निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले टंक काढले आणि त्यांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले. पडद्यावर मराठी दिसे. पण यंत्राच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा गोंधळच असे. परिणाम असा की, एका कंपनीच्या टंकात जुळविलेला अग्रलेख तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडला तर डोळ्यांपुढे निव्वळ चिन्हांची खिचडी येते. साप्ताहिकांचे अंक, अधिवेशनांचे ठराव, संपांची पत्रके, दिवंगत नेत्यांची भाषणे यांचे जवळपास दोन दशकांचे साहित्य अशा फायलींत पडून आहे. ते उघडण्यासाठी जुना टंक हवा, जुने पेजमेकर हवे, आणि ते चालविण्यासाठी विंडोज हवी. ती एका रात्रीत पुसून टाकणे म्हणजे मालकावरच्या रागाने स्वतःचे दप्तर जाळणे होय.

म्हणून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी हव्यात. जुनीला तिजोरीच्या किल्ल्याएवढेच काम द्यावे. तिने जुन्या फायली उघडाव्यात, त्यांची युनिकोड रूपांतरे आणि पीडीएफ प्रती करू द्याव्यात; हे काम संपेपर्यंत तिचे आयुष्य. पाठबळ संपलेली प्रणाली इंटरनेटला जोडणे धोक्याचे, आणि या कामाला इंटरनेट लागतही नाही. ती उतरवून घेतलेली असेल तर तिच्यावर नवा संसार उभारू नये, हे वेगळे सांगावयास नको.

शेजारी बसविण्याची कृती अवघड नाही, परंतु बेफिकिरीने करण्यासारखीही नाही. आधी सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. हे न करता पुढे जाणाऱ्याला संगणकाला हात लावू देऊ नये. अलीकडच्या कित्येक यंत्रांत विंडोज स्वतःहूनच डिस्क कुलूपबंद करून ठेवते. त्या बिटलॉकर कुलपाचा ४८ अंकी क्रमांक कागदावर उतरवून ठेवावा. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावा, कारण तो चालू असता विंडोज बंद झाल्यासारखी दिसते पण पूर्णपणे बंद होत नाही, डिस्कवरचा ताबा सोडत नाही. मग विंडोजच्याच साधनाने तिचा विभाग आक्रसून चाळीस-पन्नास जीबी जागा मोकळी करावी. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू उतरवून यंत्र त्यावरून सुरू करावे. अशा वेळी काहीही न बसविता प्रणाली चालवून पाहता येते. वाय-फाय, छपाईयंत्र, आवाज हे सर्व तपासता येते. समाधान झाले तरच ‘शेजारी बसवा’ हा पर्याय निवडावा. जुन्या, चार जीबी स्मृतीच्या यंत्रांवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्यावा; दिमाखदार रूपांचा मोह टाळावा.

या शेजारधर्मात काही गोष्टी बोलक्या आहेत. लिनक्सला विंडोजचा विभाग वाचता येतो, त्यात लिहिताही येते. विंडोज मात्र लिनक्सचा विभाग आपण होऊन वाचत नाही. एक शेजारी दुसऱ्याची भाषा शिकला आहे, दुसऱ्याला त्याची गरज वाटत नाही. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परत गेले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले आढळते, आणि कार्यकर्ते घाबरून यंत्र बिघडले म्हणतात. बिघडलेले काही नसते. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते, विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजते, आणि भारतीय वेळेचे अंतर नेमके तेवढे आहे. लिनक्समध्ये एका ओळीची आज्ञा दिली की हा वाद मिटतो. ऑगस्ट २०२४ मधला प्रसंग मात्र इतका निरुपद्रवी नव्हता. त्या महिन्यात मायक्रोसॉफ्टने धाडलेल्या सुरक्षा-अद्ययावतीकरणानंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होणेच थांबले. दोन प्रणालींच्या यंत्रांना याची झळ लागणार नाही, असे कंपनीने आधी सांगितले होते. हेतू काय होता हा वाद निष्फळ आहे. घराची सामाईक चौकट एका भाडेकरूच्या हातात असली की असे होतेच.

यंत्र सुरू होताना प्रथम ग्रब नावाचा छोटा कार्यक्रम एक यादी दाखवितो. तीत दोन प्रणालींची नावे असतात, आणि काही सेकंदांत कोणी काही दाबले नाही तर पहिले नाव आपोआप सुरू होते. लिनक्स बसविल्यावर पहिले नाव तिचेच असते. पण पहिल्याच आठवड्यात कोणी ज्येष्ठ सहकारी कुरकुरतो, आणि जाणकार मुलगा भिडेखातर यादी उलटी करून देतो. त्या क्षणी लिनक्सचा निकाल लागलेला असतो. ती डिस्कवर राहते, अहवालात नोंदली जाते, वर्धापनदिनी पाहुण्यांना दाखविली जाते आणि एरवी कोणी तिच्याकडे फिरकत नाही. संमिश्र अर्थव्यवस्थेचा भारतीय इतिहास ज्यांनी डोळसपणे पाहिला, त्यांना हे दृश्य अपरिचित नाही. दोन क्षेत्रे शेजारी ठेवली एवढ्याने काही ठरत नाही. सवय, सोय आणि भिडेचे झुकते माप कोणत्या क्षेत्राच्या पारड्यात पडते, त्यावर सारे ठरते.

जर्मनीतील म्युनिक शहराने याची किंमत मोजली आहे. २००३ साली सोशल डेमोक्रॅट महापौर क्रिस्टियान उडे यांच्या कारकिर्दीत नगरपरिषदेने लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटून आले, तरी निर्णय टिकला. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक नव्या प्रणालीवर आले. काही यंत्रांवर जुनी प्रणालीही राहिली, आणि तक्रारींचा ओघ कधी पूर्ण आटला नाही. २०१४ साली उडे यांच्या जागी त्याच पक्षाचे डिटर राइटर आले, आणि २०१७ साली परिषदेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. दरम्यान कंपनीने आपले जर्मनीतील मुख्यालय म्युनिक शहरात हलविले होते. ज्या पक्षाने दार उघडले त्यानेच ते लावून घेतले! आणि आज जर्मनीत या दिशेने ठाम पावले टाकणारे श्लेसविग-होल्श्टाइनचे सरकार, ज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणकांसाठी मुक्त प्रणालींचा निर्णय जाहीर केला, ते ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या नेतृत्वाखालचे आहे. समाजवाद्यांनी टाकून दिलेले शस्त्र उजव्यांनी उचलावे, याहून मोठी दिवाळखोरी कोणती?

केरळात याउलट घडले. तेथेही शाळांमध्ये आरंभी विंडोज होती आणि काही काळ दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदल्या. परंतु तेथे शिक्षकांच्या संघटनांनी हा प्रश्न आपला मानला, शिक्षकांची प्रशिक्षणे झाली, पुस्तके मुक्त प्रणालीवर बेतली गेली, आणि दहावीची संगणक-परीक्षाही तिच्यावर नेण्यात आली. परीक्षा जेथे गेली तेथे पालक, शिकवण्या आणि दुकानदार सगळेच गेले. या धोरणाने तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा तेथील शिक्षणखात्याच्या यंत्रणेचा दावा आहे. असे आकडे जपून घ्यावेत. न केलेल्या खरेदीची किंमत कोणत्या दराने धरावयाची हे ज्याचे त्याने ठरविलेले असते. निर्विवाद गोष्ट एवढीच की, केरळातला शाळामास्तर आज यंत्र उघडून प्रणाली स्वतः बसवतो.

मराठीत हे का घडले नाही? प्रणालीची रूपे मराठीत आहेत. स्वयंसेवकांनी डेस्कटॉप, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस यांचे मराठीकरण वर्षानुवर्षे, बव्हंशी कोणत्याही मोबदल्यावाचून केले आहे. तरीही कचेऱ्यांत लिनक्स बसविणारे तिची भाषा इंग्रजीच ठेवतात आणि मग कार्यकर्त्यांना ती परकी वाटते म्हणून हळहळतात. भाषा मराठी निवडावी, इनस्क्रिप्ट कळफलक बसवावा, आणि ज्येष्ठांना तो जड जात असेल तर उच्चारानुसारी कळफलक द्यावा. पडद्यावरील पट्टी खाली ठेवावी की वर, अक्षर किती मोठे असावे, कोणत्या चार गोष्टी समोर असाव्यात, हे बसविणाऱ्याने नव्हे तर वापरणाऱ्याने ठरवावे. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची प्रमाण रूपे ठरविली; तरी अनेक यंत्रांवर हिंदी वळणाची अक्षरे दिसतात आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. मुक्त परवान्याच्या टंकांत मराठी वळण मिळते, नसेल तर जाणकाराला टंक उघडून ते घालता येते, आणि घातलेले सर्वांना वाटता येते. डेस्कटॉप सजविणे हा पोरखेळ आहे असे मानणाऱ्यांनी कामगाराने आपल्या मागाची उंची स्वतः ठरविण्याचा हक्क कशासाठी मागितला होता, ते आठवावे.

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. लिनक्स ही तरी भांडवलापासून मुक्त कोठे आहे? जी आयबीएम १९७८ साली भारतातून गेली, तिनेच २०१९ साली रेड हॅट ही लिनक्सची अग्रगण्य कंपनी ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि २०२३ साली रेड हॅटने आपल्या मुख्य प्रणालीची मूळ संहिता सर्वांसाठी खुली ठेवण्याची प्रथा आखडती घेतली. गूगलचे अँड्रॉइड लिनक्सच्याच गाभ्यावर उभे आहे. हे सर्व खरे आहे. गावच्या गायरानात पाटलाच्या शंभर म्हशी चरतात आणि मजुराची एकच शेळी चरते. म्हणून गायरान पाटलाच्या नावे करून द्यावे, असे कोणी म्हणत नाही. लिनक्सच्या परवान्याने वर्गसंबंध बदलत नाहीत. पण त्यामुळे कुंपण घालणे कठीण होते, आणि घातलेच तर त्याच्या बाहेर उभे राहून तीच संहिता घेऊन दुसरी वाट काढता येते. डेबियन ही १९९३ पासूनची प्रणाली कोणत्याही कंपनीच्या मालकीवाचून, स्वयंसेवकांच्या मतदानाने चालते. चळवळीने तिच्या कारभाराचा अभ्यास करावा. स्वतःच्या संघटनेलाही त्यातून काही घेता येईल.

अडचणी आहेत, त्या लपवू नयेत. हिशेबाची प्रचलित पॅकेजे विंडोजवरच चालतात, काही डिजिटल सह्यांची उपकरणे कटकट करतात, आणि पानजुळणी करणाऱ्याला पेजमेकर सोडून स्क्रायबस शिकावयास काही आठवडे द्यावे लागतात. त्या आठवड्यांत अंक एखाददुसरा दिवस उशिरा निघेल. तो निघू द्यावा.

जिल्हा समित्यांनी यासाठी वेगळा निधी मागण्याचे कारण नाही. एका जाहीर सभेच्या मंडपखर्चात कचेरीच्या जुन्या यंत्रांना नव्या एसएसडी आणि फायलींच्या प्रतींसाठी एक वेगळी डिस्क येते. पण तीन गोष्टींची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर लिहून द्यावी लागेल. पहिली, जुन्या फायलींच्या रूपांतराची. आरंभ सर्वांत जुन्या वर्षापासून करावा, कारण त्या सीड्या आधीच खराब होत चालल्या आहेत आणि तो टंक ओळखणारे जुळारी निवृत्त होत आहेत. दुसरी, नवा प्रत्येक कागद ओडीएफ या खुल्या साच्यातच साठविला जातो की नाही हे पाहण्याची. हा साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिसरी जबाबदारी ग्रबच्या यादीची. तीत लिनक्सचे नाव पहिले राहील, आणि ते खाली नेण्याची विनंती कोणी केली तर ती लेखी घेऊन समितीच्या पुढील बैठकीपुढे ठेवली जाईल, मग विनंती करणारा जिल्हाध्यक्ष असला तरी.